साहेब, संगणक आणि खाड्याची वही

मोठी कंपनी म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर काय येते? काचेची उंच इमारत, गळ्यात आयकार्ड, एसी केबिन आणि एक तारखेला खात्यात जमा होणारा पगार! कॅम्पसचा सीझन जवळ आला की हॉस्टेलच्या प्रत्येक खोलीत याच गप्पा. पण त्या इमारतीत दिवसभर नेमके चालते काय, असे कोणी विचारले तर त्याचे उत्तर एका शब्दात देता येईल – निर्णय. कोणाला नोकरीवर घ्यायचे, माल किती मागवायचा, किंमत किती लावायची, कोणाला उधारी द्यायची. रोज हजारो छोटे निर्णय आणि अधूनमधून एखादा मोठा. या कामात आता कृत्रिम बुद्धिमत्ता, म्हणजे आपल्या सगळ्यांच्या तोंडी असलेले एआय, शिरले आहे. ते तिथे काय करते, कुठे खरोखर उपयोगी पडते आणि कुठे भल्याभल्या कंपन्यांना तोंडघशी पाडते, हे सोप्या भाषेत सांगण्याचा हा प्रयत्न.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. माझे सगळे शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झाले. मराठीत लिहिणे म्हणजे 'पावसाळ्यातील एक दिवस' या निबंधापुरतेच. त्यामुळे जिथे मराठी प्रतिशब्द दाताखाली खड्यासारखा लागला, तिथे मी सरळ इंग्रजी शब्दच ठेवला आहे. शुद्ध मराठीच्या भक्तांनी राग मानू नये!

दोन विषय, एकच माणूस

कंपनीचे निर्णय आणि एआय हे दोन विषय आता कुठे एकत्र आले, असे आपल्याला वाटते. पण गंमत अशी की दोन्हींच्या मुळाशी एकच माणूस आहे. त्याचे नाव हर्बर्ट सायमन.

१९४७ साली सायमनचे 'ॲडमिनिस्ट्रेटिव्ह बिहेविअर' हे पुस्तक प्रसिद्ध झाले. तोपर्यंत अर्थशास्त्राच्या पुस्तकांतला धंदेवाला माणूस म्हणजे जवळजवळ सर्वज्ञ असायचा. सगळे पर्याय त्याला माहीत, सगळ्यांचे परिणाम माहीत, आणि त्यातून सर्वांत फायद्याचा पर्याय तो अचूक उचलणार! सायमनने विचारले, असे खरोखर कुठे घडते? साहेबाकडे वेळ कमी, माहिती अर्धवट आणि डोके एकच. म्हणून तो सर्वोत्तम पर्याय शोधत बसत नाही. 'चालेल, भागेल' असा पर्याय दिसला की तिथेच थांबतो. परीक्षेच्या आदल्या रात्री पाचपैकी तीन युनिट झाले की "पासापुरते झाले" म्हणून आपण पुस्तक मिटतो ना, अगदी तसेच. या विचाराबद्दल सायमनला १९७८ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले.

आणि याच सायमनने १९५५-५६ च्या सुमारास ॲलन न्यूवेल आणि क्लिफ शॉ यांच्याबरोबर 'लॉजिक थिअरिस्ट' नावाचा प्रोग्रॅम तयार केला. तर्कशास्त्रातली प्रमेये सिद्ध करणारा हा प्रोग्रॅम एआयच्या अगदी पहिल्या प्रोग्रॅम्सपैकी एक मानला जातो. १९७५ मध्ये सायमन आणि न्यूवेल यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला. म्हणजे माणसाचे डोके अपुरे पडते हे ज्याने सांगितले, त्यानेच मदतीला मशीन आणायलाही सुरुवात केली. आता ती मदत प्रत्यक्षात कशी झाली ते पाहू.

विसरलेली केबल

सायमन ज्या कार्नेगी मेलन विद्यापीठात शिकवत असे, तिथेच १९७० च्या दशकाच्या शेवटी जॉन मॅकडरमॉट या संशोधकाने एक प्रोग्रॅम लिहिला. तो होता डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या कंपनीसाठी. ही कंपनी 'व्हॅक्स' जातीचे मोठे संगणक विकायची. आज आपण लॅपटॉप डब्यातून काढतो आणि चालू करतो. तेव्हा तसे नव्हते. प्रत्येक गिऱ्हाइकाची ऑर्डर वेगळी. किती मेमरी, कोणते बोर्ड, कोणते कॅबिनेट, वीजपुरवठा केवढा, कोणत्या भागाला कोणती केबल... सेल्समनने यादीत एखादी केबल लिहायची विसरली की गिऱ्हाइकाच्या दारात लाखो रुपयांचा डबा नुसता बसून राहायचा.

कंपनीने आधी फोरट्रान आणि बेसिकमध्ये हे काम करून पाहिले होते, जमले नाही. मॅकडरमॉटने वेगळा मार्ग धरला. अनुभवी इंजिनिअर काय विचार करतात ते "असे असेल तर तसे कर" अशा शेकडो नियमांत मांडले. या प्रोग्रॅमला आधी आर-वन आणि पुढे एक्सकॉन म्हणू लागले. १९८० पासून कंपनी तो वापरू लागली. १९८६ पर्यंत त्याने सुमारे ८०,००० ऑर्डरी तपासल्या होत्या, त्याही ९५ ते ९८ टक्के अचूक. त्यामुळे कंपनीचे वर्षाला अडीच कोटी डॉलर वाचतात, असा अंदाज होता.

हे यश कशामुळे? प्रोग्रॅम हुशार होता हे खरेच. पण मला त्याहून महत्त्वाची वाटते ती दुसरी गोष्ट. इथे चूक लपून राहूच शकत नव्हती. केबल नसेल तर संगणक चालणार नाही, गिऱ्हाईक फोन करून ओरडणार, आणि दुसऱ्या दिवशी इंजिनिअर नियम दुरुस्त करणार. प्रत्येक चुकीची पावती घरपोच!

पाच मिनिटांत निकाल

आजचे एआय बहुतेक वेळा असे हाताने लिहिलेल्या नियमांवर चालत नाही. ते जुन्या नोंदी वाचून नियम स्वतःच शोधते. पण जिथे ते चांगले चालते, तिथे पावतीचे हेच तत्त्व दिसते.

गूगलच्या डेटा सेंटरचे उदाहरण घ्या. हजारो सर्व्हर एका छताखाली तापत असतात आणि ते थंड ठेवायला प्रचंड वीज लागते. पंप किती वेगाने फिरवायचे, कोणता कूलिंग टॉवर चालू ठेवायचा, हा निर्णय दिवसातून अनेकदा घ्यावा लागतो. २०१६ च्या जुलैमध्ये गूगलने जाहीर केले की डीपमाइंडच्या एआयमुळे थंड करण्यासाठी लागणारी वीज ४० टक्क्यांपर्यंत कमी झाली. २०१८ मध्ये तर पुढची पायरी गाठली. दर पाच मिनिटांनी हजारो सेन्सरचे आकडे वाचून मशीन स्वतःच सेटिंग बदलू लागले. मात्र मर्यादा माणसांनी आखून दिलेल्या होत्या आणि ऑपरेटर कधीही ताबा परत घेऊ शकत होता. इथे निकाल मीटरवर दिसतो. वीज कमी जळली की जास्त, यात वादाला जागाच नाही.

दुसरे उदाहरण यूपीएस या अमेरिकन कुरिअर कंपनीचे. एका ड्रायव्हरला दिवसात १२० ठिकाणी पार्सल द्यायचे असेल तर ती ठिकाणे किती क्रमांनी घेता येतील? १२० फॅक्टोरियल! कॅल्क्युलेटर काढू नका, तो एरर देईल. हा आकडा १९९ अंकी आहे. यूपीएसच्या 'ओरायन' या प्रणालीने रोज यातून चांगला मार्ग शोधायला सुरुवात केली. 'सर्वोत्तम' नव्हे हं, 'चांगला'. सायमनचे म्हणणे मशीनलाही लागू आहे! अमेरिकेतले काम २०१६ मध्ये पूर्ण झाले आणि त्यामुळे वर्षाला १० कोटी मैल प्रवास आणि १ कोटी गॅलन इंधन वाचते, असे कंपनीने सांगितले.

इथवर वाचून वाटेल, मग सगळेच निर्णय मशीनकडे देऊन टाकावेत की! साहेबाने नुसता चहा प्यावा. पण खरी मेख पुढेच आहे, आणि ती समजून घेण्यासाठी अमेरिकेत जायची गरज नाही. आपली मेस पुरेशी आहे.

मेसचे गणित

मेसच्या काकांना रोज दुपारी एक निर्णय घ्यावा लागतो – रात्री पोळ्या किती? जास्त केल्या तर वाया, कमी केल्या तर शिव्या. काकांकडे खाड्याची वही असते, त्यावरून कोण जेवायला नाही हे कळते. बाकीचे अनुभवावर. शुक्रवारी जवळपासच्या गावची मुले घरी पळतात, सबमिशनच्या आठवड्यात सगळे उशिरा येतात, क्रिकेटची मॅच असली तर एकदम लोंढा येतो.

समजा आपण मशीन लर्निंगचा प्रोजेक्ट म्हणून काकांना प्रोग्रॅम करून दिला. गेल्या तीन वर्षांची वही त्यात भरली. वार कोणता, परीक्षा आहे की नाही, पाऊस किती, खाडे किती आणि पोळ्या किती खपल्या. यातून मशीन स्वतःच नाते शोधेल. शुक्रवार असेल तर इतक्या कमी, मॅच असेल तर इतक्या जास्त. 'शिकणे' म्हणतात ते एवढेच. जादू काही नाही, जुन्या वहीतून नव्या दिवसाचा अंदाज.

आता गंमत पाहा. एके दिवशी मशीनने ९०० पोळ्या सांगितल्या. साडेनऊला त्या संपल्या. त्यानंतर लॅबमधून आलेले चाळीस जण नुसता भात खाऊन उठले, नाहीतर गेटबाहेरच्या टपरीवर मॅगी खायला गेले. वहीत काय लिहिले जाईल? 'पोळ्या खपल्या – ९००.' त्या चाळीस जणांची भूक वहीत कुठेच नाही. मशीन शिकणार की अशा दिवशी मागणी ९००. पुढच्या वेळी पुन्हा ९००, पुन्हा चाळीस उपाशी. आणि वर मशीनचा अंदाज शंभर टक्के बरोबर! ९०० सांगितल्या, ९०० खपल्या. काका खूश, आपला प्रोजेक्ट ए ग्रेड.

खाडा लावून न जेवणारा वहीत सापडतो. उपाशी परत गेलेला सापडत नाही. मला या लेखात जे सांगायचे आहे ते एवढेच आहे. कंपनी ज्यांना 'हो' म्हणते त्यांचे पुढे काय झाले ते वहीत येते. ज्यांना 'नाही' म्हणते त्यांचे काय झाले असते, हे कधीच येत नाही. आणि मशीन तर वहीबाहेरचे काहीच वाचत नाही.

न परतलेली विमाने

हा प्रश्न नवा नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अब्राहम वाल्ड नावाचा गणितज्ञ न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या संख्याशास्त्राच्या गटात काम करत होता. त्याच्यापुढचा प्रश्न असा : लढाईवरून परत आलेल्या विमानांना कुठे कुठे गोळ्या लागल्या आहेत हे मोजता येते. पण आपल्याला माहिती हवी आहे ती न परतलेल्या विमानांची! वाल्डने १९४३ मध्ये त्याचे गणित मांडले. ज्या भागावर परत आलेल्या विमानांना फारशा गोळ्या लागलेल्या दिसत नाहीत, तो भाग सुरक्षित आहे असे समजू नका. कदाचित तिथे गोळी लागलेले विमान परत येतच नसेल. (हाच वाल्ड १९५० च्या डिसेंबरात भारतात व्याख्यानांसाठी आलेला असताना निलगिरीच्या डोंगरात विमान कोसळून गेला.)

कंपनीच्या वहीत फक्त परत आलेली विमाने असतात. हे लक्षात ठेवून आता पुढची दोन उदाहरणे वाचा.

आपला बायोडेटा कोण वाचतो?

हे उदाहरण आपल्या सगळ्यांच्या जिव्हाळ्याचे. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये रॉयटर्स या वृत्तसंस्थेने ॲमेझॉनबद्दल एक बातमी दिली. २०१४ पासून कंपनीतली एक टीम बायोडेटा वाचून एक ते पाच स्टार देणारा प्रोग्रॅम तयार करत होती. आपण एखाद्या वस्तूला रेटिंग देतो, तसे माणसाला! त्याला शिकवण्यासाठी आधीच्या दहा वर्षांत कंपनीकडे आलेले बायोडेटा दिले होते. ते बहुतेक पुरुषांचे होते. मशीनने त्यातून काय धडा घेतला? बायोडेटात 'विमेन्स' हा शब्द असला, उदाहरणार्थ मुलींच्या चेस क्लबची कॅप्टन, की गुण कमी. फक्त मुलींसाठी असलेल्या दोन कॉलेजांच्या पदवीधरांनाही त्याने खाली ढकलले. २०१५ मध्येच हे लक्षात आले. ते शब्द दुरुस्त केले, पण मशीन दुसरीकडून कुठून भेदभाव करणार नाही याची खात्री देता येईना. अखेर ती टीमच बंद केली. आपल्या भरती करणाऱ्यांनी उमेदवारांचे मूल्यमापन करायला हा प्रोग्रॅम कधी वापरला नाही, असे ॲमेझॉनने सांगितले.

बातमी अमेरिकेतली असली तरी क्षणभर आपल्याकडे पाहा. पुण्यात १९९१ पासून फक्त मुलींचे कमिन्स इंजिनिअरिंग कॉलेज आहे, मुंबईत एस.एन.डी.टी.चे उषा मित्तल आहे. तिथल्या एखाद्या हुशार मुलीचा बायोडेटा अशा मशीनपुढे गेला असता तर? कॉलेजचे नावच तिच्या वाटेत उभे राहिले असते, आणि तिला त्याचा पत्ताही लागला नसता.

कोणी म्हणेल, मशीनने स्त्रीद्वेष कुठून आणला? त्याने आणलाच नाही. त्याने वही वाचली. वहीत जे पुरुष घेतले गेले त्यांच्यासारखे दिसणारे लोक त्याने शोधले. ज्या मुलींना कधी घेतलेच नाही त्यांनी काम कसे केले असते, याची एकही ओळ वहीत नव्हती. चाळीस उपाशी पोरांसारखीच ती कोरी जागा.

आणि यासाठी एआयच लागते असेही नाही. कॅम्पसला येणाऱ्या कितीतरी कंपन्यांची 'दहावी, बारावी, डिग्री – सगळीकडे ६० टक्के' ही अट आपल्या सगळ्यांना तोंडपाठ आहे. बारावीत ५८ टक्के पडलेला पण रात्र-रात्र जागून कोड लिहिणारा मित्र आपल्या प्रत्येक मजल्यावर एक तरी आहे. तो इंटरव्ह्यूच्या दारापर्यंत पोहोचतच नाही. मग कंपनीच्या नोंदीत काय दिसते? आमच्याकडची सगळी चांगली माणसे ६० टक्क्यांच्या वरची! दिसणारच ना, खालचा कोणी आत आलाच कुठे? उद्या हीच नोंद मशीनला शिकवली तर ती अट आणखी पक्की होईल, आणि तेव्हा तिला 'एआयचा निर्णय' असे भारदस्त नाव मिळेल.

जुनी बाईक आणि तीस कोटी डॉलर

दुसरे उदाहरण पैशांचे. झिलो ही अमेरिकेतली घरांच्या किमतींचे अंदाज देणारी प्रसिद्ध कंपनी. २०१८ मध्ये तिने स्वतःच घरे विकत घ्यायला सुरुवात केली. संगणकाच्या अंदाजावरून मालकाला भाव सांगायचा, घर घ्यायचे, थोडी डागडुजी करायची आणि विकायचे. नोव्हेंबर २०२१ मध्ये कंपनीने हा धंदा बंद करत असल्याचे जाहीर केले. एकाच तिमाहीत घरांच्या साठ्याची किंमत ३० कोटी ४० लाख डॉलरनी कमी दाखवावी लागली आणि सुमारे एक चतुर्थांश कर्मचाऱ्यांना घरी बसावे लागले. किमतींचा पुढचा अंदाज करणे वाटले होते त्यापेक्षा फारच कठीण निघाले, असे कारण कंपनीने दिले.

पण अशा धंद्यात आणखी एक खड्डा असतो, तो आपल्याला जुन्या बाईकवरून कळेल. फायनल इयरचा दादा बाईक विकायला काढतो. इंजिनाची नस त्याला माहीत, आपल्याला नाही. आपण २० हजार म्हटले आणि तो पटकन "घे" म्हणाला, तर समजावे की बाईक १५ ची होती! तीच बाईक २५ ची असती तर तो हसून निघून गेला असता. म्हणजे आपले अंदाज सरासरीने बरोबर असले तरी प्रत्यक्षात पदरात पडणारे सौदे नेमके तेच, जिथे आपण जास्त बोली लावली. जॉर्ज अकरलॉफने १९७० मध्ये जुन्या गाड्यांच्या बाजाराबद्दल लिहिले तेच हे, आणि २००१ मध्ये त्यालाही नोबेल मिळाले. घराच्या भिंतीतली ओल आणि शेजाऱ्याचा कुत्रा मालकाला माहीत असतो, मशीनच्या वहीत तो नसतो.

शिवाय इथे पावती यायलाही उशीर. गूगलला पाच मिनिटांत कळते की निर्णय चुकला. घर विकून होईपर्यंत महिने जातात, आणि तोपर्यंत त्याच चुकीच्या भावाने आणखी शेकडो घरे घेऊन झालेली असतात.

साहेब आणि चॅटजीपीटी

हे झाले रोजच्या, त्याच त्या प्रकारच्या निर्णयांचे. पण वर्षातून एखाद्या वेळी येणारा मोठा निर्णय? नवा कारखाना काढायचा का, कोणत्या ब्रँडवर पैसे लावायचे? यासाठी हजारो जुन्या नोंदी नसतातच. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये चॅटजीपीटी आले आणि साहेब लोक अशा प्रश्नांसाठीही एआयला विचारू लागले.

त्याचा एक चांगला प्रयोग २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. हार्वर्ड आणि इतर विद्यापीठांच्या संशोधकांनी बोस्टन कन्सल्टिंग ग्रुपमधल्या ७५८ सल्लागारांना कामे दिली. काहींना जीपीटी-४ दिले, काहींना नाही. नव्या बुटांच्या कल्पना सुचवा, त्यावर लिहा, अशा कामांत एआयवाल्यांनी १२ टक्के जास्त कामे केली, २५ टक्के वेगाने केली, आणि दर्जा ४० टक्क्यांहून अधिक चांगला. पण दुसरे एक काम होते : आकड्यांचा तक्ता आणि कंपनीतल्या लोकांच्या मुलाखती वाचून कोणत्या ब्रँडवर भर द्यावा ते सांगा. खरी खूण मुलाखतींत दडलेली होती. इथे एआय नसलेल्यांपैकी सुमारे ८४ टक्के लोकांचे उत्तर बरोबर आले, तर एआय वापरणाऱ्यांचे ६० ते ७० टक्क्यांवर घसरले. एआयने चुकीचे उत्तरही झकास भाषेत लिहून दिले आणि वाचणारे भुलले. व्हायव्हात छान इंग्रजी बोलणारा विद्यार्थी उत्तर चुकले तरी गुण घेऊन जातो, हे आपल्या सर-मॅडमना काही नवीन नाही!

मग करायचे काय?

एआय नको असे माझे म्हणणे मुळीच नाही. काकांच्या डोक्यातला अनुभवही त्याच वहीतून आलेला आहे, आणि माणसाच्या पूर्वग्रहाला तर दुरुस्त करायला कोडसुद्धा उघडून बघता येत नाही! मशीनचे एक बरे असते, त्याच्यासमोर हजार बायोडेटा ठेवून तपासता येते. ॲमेझॉनची चूक तशी तपासल्यामुळेच सापडली. पण तपासायची तयारी हवी. मला सुचणाऱ्या गोष्टी अशा :

पहिली, मशीन लावण्याआधी विचारा की चुकीची पावती कधी आणि कोणाकडे येणार. पाच मिनिटांत येणार असेल तर खुशाल लावा. पाच वर्षांनी येणार असेल, किंवा कधीच येणार नसेल, तर जपून.

दुसरी, नाकारलेल्यांपैकी थोड्यांना मुद्दाम आत घ्या आणि काय होते ते पाहा. कर्ज देणाऱ्या काही कंपन्यांनी ही युक्ती वापरली आहे. काकांनी आठवड्यातून एक दिवस शंभर पोळ्या जास्त केल्या तर खरी भूक किती ते कळेल. थोड्या वाया जातील, पण ती माहितीची किंमत आहे. कंपनीनेही शंभरातल्या पाच जागा ५८ टक्केवाल्यांना दिल्या, तर दोन वर्षांत तिला खरे-खोटे कळेल.

तिसरी, निर्णयाखाली माणसाची सही हवी. २०२४ च्या फेब्रुवारीत कॅनडामध्ये एक निकाल लागला. एअर कॅनडाच्या वेबसाइटवरच्या चॅटबॉटने एका प्रवाशाला भाड्याच्या सवलतीची चुकीची माहिती दिली होती. चॅटबॉटने जे सांगितले त्याला आपण जबाबदार नाही, असा कंपनीचा सूर होता. ब्रिटिश कोलंबियाच्या न्यायाधिकरणाने तो मानला नाही आणि भरपाई द्यायला लावली. "कॉम्प्युटर असेच दाखवतोय" हे आपण कितीतरी काउंटरवर ऐकतो. ते उत्तर नव्हे, ती पळवाट आहे.

चौथी, ज्याच्याबद्दल निर्णय झाला त्याला तो मशीनने केला हे कळायला हवे. न्यूयॉर्क शहरात जुलै २०२३ पासून भरतीसाठी असे सॉफ्टवेअर वापरायचे तर बाहेरच्या तज्ज्ञाकडून भेदभावाची तपासणी करून घ्यावी लागते आणि उमेदवाराला तसे सांगावे लागते. युरोपियन युनियनच्या २०२४ च्या कायद्याने भरतीतले एआय 'जास्त जोखमीचे' या वर्गात टाकले आहे. आपल्याकडेही हा विचार व्हायला हवा.

शेवटी एवढेच म्हणावेसे वाटते. आपल्यापैकी अर्धेअधिक जण लवकरच अशाच एखाद्या मशीनपुढे उमेदवार म्हणून उभे राहणार आहेत. पण त्यानंतर थोड्याच वर्षांत आपल्यातलेच काही जण ते मशीन बनवणाऱ्या टीममध्ये असतील. तेव्हा डेडलाइन जवळ आलेली असेल, मॅनेजर डोक्यावर बसलेला असेल आणि स्क्रीनवर अचूकता ९७ टक्के दिसत असेल. पार्टी करायला हरकत नाही. फक्त त्याआधी एक प्रश्न विचारायचा – हा डेटा ठीक आहे, पण यात कोण आलेलेच नाही? हा प्रश्न मशीनला पडत नाही. तो आपल्यालाच पडावा लागतो, आणि इंजिनिअर म्हणून आपला पगार त्यासाठीच असतो.